मदत हवी आहे : विजेवरची गाडी की हायब्रिड, प्रदूषणाचा हिशेब कसा मांडावा?

नमस्कार. आम्ही पुण्यात नवी गाडी घेण्याच्या विचारात आहोत आणि हवेचे प्रदूषण हाच आमचा मुख्य निकष आहे. विजेवरच्या गाडीतून धूर निघत नाही, हे खरे. परंतु राज्यातील बरीचशी वीज अजूनही कोळशावर तयार होते आणि एकट्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. म्हणजे आमच्या रस्त्यावरचा नायट्रोजन ऑक्साइड कमी करताना आपण चंद्रपूरकरांच्या वाट्याला सल्फर डायऑक्साइड आणि राख तर ढकलत नाही ना, ही शंका मला मनापासून अस्वस्थ करते. हायब्रिड गाडी, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, पेट्रोल कमी जाळते, पण तिचा धूर वस्तीतच, माणसांच्या श्वासाच्या उंचीवर सुटतो. ब्रेक लावताना ऊर्जा परत साठवली जात असल्याने ब्रेकची धूळ दोन्हींत घटते. टायरची धूळ मात्र जड बॅटरीमुळे वाढू शकते.

कार्बन डायऑक्साइडचे तुलनात्मक आकडे सहज मिळतात, मला सूक्ष्म कणांचा हिशेब हवा आहे. तो प्रतिकिलोमीटर कसा मांडावा, आणि छतावरच्या सौरपॅनेलची वीज दिवसा ग्रिडला देऊन रात्री गाडी चार्ज केल्यास ती वीज कोळशाची धरावी का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.