सीलबंद खोका आणि सोनेरी प्लास्टिक

जुन्या ट्रान्सफॉर्मरचा (गाडी वगैरे बनणाऱ्या खेळण्यातल्या रोबोचा) खोका सीलबंद असेल, तर डोळे झाकून जास्त भाव द्यावा, असं म्हटलं जातं; १९८४-८५च्या मालाला ते बऱ्यापैकी लागू पडतं. पण ८०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या काही वर्षांतल्या सोनेरी प्लास्टिकच्या रोबोंना तो नियम लावू नका. सोनेरी झाक यायला चकाकी मिसळलेलं ते प्लास्टिक खोक्यात नुसतं पडून राहूनही ठिसूळ होत जातं. संग्राहक याला 'गोल्ड प्लास्टिक सिंड्रोम' म्हणतात. ताकारा या जपानी खेळणी कंपनीचा १९८८चा ब्लॅक झारॅक हा रोबो तर यासाठी बदनामच आहे. एका मित्राने हौसेने मागवलेल्या जुन्या रोबोचा खांदा माझ्यासमोर जेमतेम फिरवला, तर धातूच्या पिनेभोवतालचा भाग बिस्किटासारखा चुरला. बाहेरून एक ओरखडा नव्हता!

पिना ठोकलेल्या सांध्यांवर ताण सतत असतो, म्हणून तडा आधी तिथेच जातो. त्यामुळे विकणाऱ्याकडून पिनांच्या भोकांचे जवळून काढलेले फोटो मागा. 'रोबोची गाडी करून दाखवा' असं मात्र चुकूनही म्हणू नका. सीलबंद असेल तर हे काहीच तपासता येत नाही, आणि भाव मात्र त्याचाच चढा. मी तरी अशा नगाला खोक्याचे वेगळे पैसे देणार नाही.