आरशाच्या पन्हळीवर वीज आणि गरम पाणी एकत्र जमेल का?

विटेकर
नमस्कार मंडळी. विट्याजवळ आमचं दूध संकलन केंद्र आहे. कॅन आणि टाकी धुवायला रोज ५०० लिटर पाणी ६० अंशांवर लागतं, ते लाकडावर तापवतो. धाकटा भाऊ फॅब्रिकेशन करतो. आरशाच्या पट्ट्यांची परवलयाकार पन्हळ करायची, नाभीवर, म्हणजे ऊन एकवटतं त्या रेषेवर, नेहमीचं सोलर पॅनेल उलटं लावायचं आणि पाठीमागून पाणी फिरवायचं, असं त्याच्या मनात आहे. सुरुवात कुठून करावी?

कुपवाडचा फिटर
भाऊ, करण्यासारखं काम आहे, पण नेहमीचं पॅनेल तिथे नको. त्यातला एक सेल भर उन्हात ९-१० अँपिअर देतो. दहापट ऊन पाडलं की करंट दहापट, आणि सेलवरच्या करंट वाहून नेणाऱ्या बारीक धातूच्या रेघांमध्ये वाया जाणारी वीज शंभरपट. कॉन्सन्ट्रेटरसाठी, म्हणजे एकवटलेल्या उन्हासाठी बनवलेले, दाट रेघांचे सेलच घ्या.

खरी ओढाताण तापमानाची आहे. सिलिकॉन सेल तापला की अंशामागे सुमारे ०.४ टक्के वीज कमी देतो. ६० अंशांचं पाणी थेट सेलच्या पाठीमागून काढायचं तर सेल ७० वर जाणार, म्हणजे २५ अंशांच्या मानाने १८ टक्के वीज गेली. म्हणून मी पाणी सेलच्या पाठीमागे ४५ पर्यंतच तापवीन. पुढची १५ अंशं पन्हळीच्या उरलेल्या लांबीत, नुसत्या काळ्या नळीतून. तिथे सेल लावायचाच नाही.

आरसा किती? ५०० लिटर २५ वरून ६० ला न्यायला २० युनिट उष्णता लागते. स्वच्छ दिवसाचं थेट ऊन चौरस मीटरला ५ युनिट धरा, त्यातलं निम्मं पाण्यात उतरेल. ८ चौरस मीटर.

आणि हे ड्रॉइंगमध्येच घ्या: पन्हळ उत्तर-दक्षिण आडवी ठेवली, तर डिसेंबरात दुपारी सूर्य डोक्यापासून ४० अंश दक्षिणेला असतो. नाभी ६० सेंटिमीटरवर असेल तर उजेड निदान ५० सेंटिमीटर उत्तरेला सरकतो. दक्षिण टोकाचे सेल अंधारात राहतात, आणि सगळे एका माळेत जोडलेले असल्यामुळे त्या टोकापायी पूर्ण माळेचा करंट पडतो. ते टोक मोकळं सोडा, शिवाय अंधारातल्या सेलला वळसा घालून करंट पुढे नेणारे बायपास डायोड घाला.

जतचा शेतकरी
एक भर घालतो. आरसा फक्त थेट ऊन गोळा करतो. ढगाळ दिवशी साधं पॅनेल थोडी तरी वीज देतं, पन्हळ जवळपास काहीच नाही. पावसाळ्यासाठी लाकडाची चूल राहू द्या, मोडू नका.

विटेकर
फिटरदादा, फार उपयोगी सांगितलंत. आमच्याकडे दुपारची लाइट जाते. पंप थांबला तर?

कुपवाडचा फिटर
तर सेल काही मिनिटांत जळतील. पंप बॅटरीवर ठेवा. आरसा सूर्याकडे धरणारा ब्रेक पाण्याच्या फ्लो स्विचवर घ्या आणि पन्हळीला एका बाजूने वजन द्या. प्रवाह तुटला की ब्रेक सुटून ती आपसूक पालथी झाली पाहिजे. भावाला हे आधी बनवायला सांगा, आरसे नंतर चिकटवा.