फ्लॉरेन्सच्या कथीड्रलमध्ये इंग्रज भाडोत्री सरदार?

भटकी_मांजर: मंडळी, फ्लॉरेन्सला ड्युओमोच्या, म्हणजे तिथल्या कथीड्रलच्या, भिंतीवर घोड्यावरचा एक स्वार रंगवलेला पाहिला. गाइड म्हणाला, हा इंग्रज, जॉन हॉकवूड. पैशासाठी लढणाऱ्याला एवढा मान कशासाठी?

जुना_दप्तरी: मांजरबाई, आधी हेच फ्लॉरेन्स त्याला थरथरायचं. एसेक्सचा हा गडी. इंग्लंड-फ्रान्सच्या 1360 च्या तहानंतर फ्रान्समधलं काम संपलं, तेव्हा रिकामे सैनिक टोळ्या करून इटलीत उतरले. 'व्हाइट कंपनी' त्यातलीच. पिसाने पगारावर ठेवून त्याला फ्लॉरेन्सवरच सोडलं. 1375 मध्ये तर पाच वर्षं हल्ला करू नये म्हणून फ्लॉरेन्सने त्याला 1,30,000 फ्लोरिन (सोन्याची नाणी) मोजले. सरळ खंडणी! पुढे तोच त्यांचा सेनापती झाला.

भटकी_मांजर: म्हणजे गुंडच की!

जुना_दप्तरी: इटलीतल्या चेझेना गावाचं 1377 चं प्रकरण वाचा, मग मत पक्कं होईल. पोपच्या कार्डिनलने हुकूम दिला, आणि याच्या माणसांनी हजारो नागरिक कापले. पण डोकं तल्लख. 1387 ला कास्तान्यारोच्या लढाईत पाडुआकडून लढताना, साठी उलटलेली असताना, पाण्याच्या चराआड फौज उभी केली आणि वेरोनावाले समोर अडकले की बाजूने घोडदळ घातलं. पाडुआवाले जिंकले.

कंजूष_काका: आणि संगमरवरी थडगं ठरलं होतं हो! शेवटी रंगावर भागवलं. आताचं चित्र चित्रकार उच्चेलोचं, 1436 चं. तेही एकदा पुसून पुन्हा काढायला लावलं.