विषय: व्याख्यानमालेत जॉन्सन यांना दोन संध्याकाळी कशासाठी?

अमेरिकेतील आपल्या मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

आधुनिक अमेरिकी राष्ट्राध्यक्षांवरील व्याख्यानमालेचा आराखडा वाचला. रूझवेल्ट, केनेडी, निक्सन आणि रेगन यांना एकेक संध्याकाळ असताना लिंडन जॉन्सन यांना दोन दिल्या आहेत, हे मला पटलेले नाही. व्हिएतनामलगतच्या टॉन्किनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर हल्ला झाल्याच्या वृत्तानंतर ७ ऑगस्ट १९६४ रोजी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, त्यांना युद्धाची मोकळीक दिली. सिनेट या तिच्या वरिष्ठ सभागृहात विरोधात अवघी दोन मते पडली. १९६८ मध्ये व्हिएतनाममधील अमेरिकी सैनिकांची संख्या पाच लाखांवर गेली होती. भारतात लागोपाठ दोन वर्षे पाऊस रुसला असताना, आपल्या सरकारने व्हिएतनामबद्दल नापसंती दाखवली म्हणून, याच गृहस्थांनी धान्याची जहाजे महिन्या-महिन्याच्या बेताने सोडली. तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. रेशनवरच्या लाल मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी आई थापायला घेई आणि तव्यावर टाकण्याआधीच तिचे दोन तुकडे होत. त्या माणसाचा गौरव मंडळाने करू नये, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक जुना सभासद

उत्तर १

काका, सप्रेम नमस्कार.

आराखडा मीच केला असल्यामुळे उत्तरही मीच द्यायला हवे. व्हिएतनामविषयी आणि धान्याविषयी आपण जे लिहिले आहे, त्यातले एक अक्षरही मला खोडायचे नाही. दुसरी संध्याकाळ त्यासाठीच राखली आहे. पहिली संध्याकाळ मागितली, ती ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी जॉन्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली त्यासाठी. १९१७ च्या कायद्याने आशियातील बहुतेक लोकांना या देशाचे दार बंद केले होते, आणि १९४६ मध्ये ते भारतीयांसाठी किलकिले झाले तेव्हा साऱ्या देशाच्या वाट्याला वर्षाला शंभर जागा आल्या. १९६५ च्या कायद्याने वंश आणि जन्मदेश पाहून ठरवलेले कोटे काढून टाकले आणि पूर्व गोलार्धातील प्रत्येक देशाला वर्षाला २०,००० पर्यंतची सारखीच मर्यादा घातली. १ जुलै १९६८ पासून तो पूर्णपणे अमलात आला, आणि आपण १९६९ मध्ये येथे उतरलात.

हा कायदा क्रांतिकारक नाही, असे सही करताना स्वतः जॉन्सनच म्हणाले होते, त्यामुळे आपल्यावर कृपा करण्यासाठी तो झाला असे मी म्हणणार नाही. पण तो कशाच्या बळावर झाला, हे आपण आपल्या मुलांना कधी सांगितलेलेच नाही. केनेडी यांच्या हत्येनंतर पाचव्या दिवशी जॉन्सन यांनी काँग्रेसपुढे उभे राहून वर्णभेदाला बंदी घालणारे नागरी हक्कांचे विधेयक लवकर संमत करण्याचे आवाहन केले. दक्षिणेकडील सिनेटरांनी आठवड्यांमागून आठवडे भाषणे करून ते रोखून धरले. १० जून १९६४ रोजी चर्चा थांबवण्यासाठी मतदान झाले, तेव्हा कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना चाकांच्या खुर्चीवरून सभागृहात आणावे लागले. मेंदूतील गाठीमुळे त्यांची वाचा गेली होती. नाव पुकारल्यावर त्यांनी हात कसाबसा उचलून डोळ्याकडे नेला. इंग्रजीत होकारार्थी ‘आय’ आणि डोळ्याचा ‘आय’ यांचा उच्चार एकच. मतदान ७१ विरुद्ध २९ झाले आणि चर्चा थांबवण्याचा ठराव संमत झाला. हा प्रसंग वाचताना दरवेळी माझा गळा दाटून येतो.

त्याच नोव्हेंबरच्या निवडणुकीत जॉन्सन यांच्या पक्षाला प्रतिनिधिगृहात ४३५ पैकी २९५ आणि सिनेटमध्ये १०० पैकी ६८ जागा मिळाल्या. पुढच्या मार्चमध्ये अलाबामा राज्यातील सेल्मा येथील पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीय मोर्चेकऱ्यांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि ती दृश्ये घरोघरी टीव्हीवर दिसली. जुलैअखेर मेडिकेअर, म्हणजे वृद्धांसाठी सरकारी आरोग्यविमा, ऑगस्टमध्ये मतदानहक्काचा कायदा आणि ऑक्टोबरमध्ये आपला कायदा, ही सारी १९६५ या एकाच वर्षातली घडामोड आहे. आपण येथे केवळ पदवीच्या आणि गुणांच्या जोरावर आलो, असे मंडळाच्या भाषणांतून सर्रास बोलले जाते, आणि ते ऐकताना मला त्या पुलावरची माणसे आठवतात. म्हणून पहिली संध्याकाळ कमी करू नये, ही कळकळीची विनंती.

आपली,
व्याख्यान समितीची सदस्या

उत्तर २

ताई, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र दोनदा वाचले. पहिल्या संध्याकाळीला माझी हरकत नाही. सेल्माचा उल्लेख आमच्या पिढीने करायला हवा होता, हे मी मान्य करतो. मात्र दुसऱ्या संध्याकाळी एक गोष्ट सांगायची राहू नये. कायमच्या वास्तव्याचा परवाना हाती घेऊन आलेल्या माझ्या वयाच्या तरुणाला सक्तीच्या लष्करी भरतीसाठीही नाव नोंदवावे लागत असे. १ डिसेंबर १९६९ रोजी, निक्सन यांना सत्तेवर येऊन दहा महिने झाले असताना, काचेच्या बरणीतून निळ्या कुप्या काढून जन्मतारखांची सोडत निघाली; ज्याची तारीख आधी निघेल त्याला भरतीचे बोलावणे आधी. वसतिगृहाच्या दिवाणखान्यात आम्ही दाटीवाटीने बसून टीव्हीवर ती पाहत होतो. पहिली तारीख १४ सप्टेंबर निघाली. माझी बरीच उशिरा आली. शेजारी बसलेल्या मुलाची लवकर आली आणि तो काही न बोलता उठून बाहेर गेला. भरतीचे ते कार्ड अजून माझ्या कपाटात आहे. व्याख्यानाच्या दिवशी घेऊन येतो.