आधी ट्रिम, मग क्षेपणास्त्रे

डीसीएस (संगणकावरचा लढाऊ विमानांचा सिम्युलेटर) मध्ये नवशिक्याने थेट एफ-१६ हे आधुनिक लढाऊ विमान घ्यावे की साधे विमान, या प्रश्नावर या चर्चेत बहुतेकांनी साध्या विमानाच्या बाजूने कौल दिला आहे. मी सहमत आहे, पण कारण वेगळे आहे. एफ-१६ उडवायला मुळीच अवघड नाही. उलट त्याची फ्लाय-बाय-वायर यंत्रणा (वैमानिकाच्या हालचाली संगणकामार्फत विमानाला पोहोचवणारी) विमान इतके सांभाळून घेते की वेग बदलल्यावर ते कसे वागते, हे शिकणाऱ्याच्या हाताला कळतच नाही. डीसीएससोबत विनामूल्य मिळणारे टीएफ-५१डी हे जुने पंख्याचे विमान मात्र काहीच माफ करत नाही: उड्डाणावेळी थ्रॉटल (इंजिनची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) झटक्याने पुढे ढकलला की नाक डावीकडे ओढले जाते आणि उजवा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारे, पायाने चालणारे नियंत्रण) वेळेवर दिला नाही तर धावपट्टी सुटते.

ट्रिमबद्दल, म्हणजे स्टिक (विमान वळवण्याचा दांडा) सतत धरून न ठेवता विमान स्थिर राहावे यासाठीच्या समायोजनाबद्दल, वर कोणी फारसे लिहिलेले नाही, म्हणून थोडे सविस्तर. आधी स्टिकने नाक हव्या त्या जागी धरावे, मग ट्रिम थोडा थोडा देत स्टिक मध्यावर आणावी. हात सोडल्यावर विमान ना चढते ना उतरते, तेव्हा ट्रिम जमला. वेग किंवा शक्ती बदलली की हे पुन्हा करावे लागते.

उतरताना आपण खाली जात आहोत असे वाटले की नवशिका नाक वर ओढतो, वेग आणखी घटतो आणि विमान स्टॉल होते, म्हणजे पंखांची उचल तुटते. तिथे हात थ्रॉटलकडे जायला हवा. रडर पेडल लगेच विकत घेण्याची गरज नाही, पिळून रडर देता येणारी जॉयस्टिक सुरुवातीला पुरते.