लेगोच्या ठोकळ्यांतून नागपूरचा रस्ता कसा मांडावा?

धरमपेठकर: मुलांचे लेगोचे बरेच ठोकळे घरात पडून आहेत आणि त्यांतून सीताबर्डीचा रोजचा रस्ता उभा करावा अशी माझी फार इच्छा आहे. परंतु मेट्रो, संत्र्यांच्या हातगाड्या आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटीवरून जाणाऱ्या मुली हे सारे एकाच प्रमाणात बसवू गेल्यास टेबल अपुरे पडते. प्रमाण कोणते धरावे आणि काय वगळावे?

त्रिमूर्तीनगरवासी: लेगोचा माणूस जेमतेम 4 सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे प्रमाण साधारण 1:40 होते. त्या हिशेबाने आपल्या मेट्रोची तीन डब्यांची गाडीच दीड मीटरच्या पुढे जाईल. म्हणून सीताबर्डीऐवजी गड्डीगोदाम घ्यावे, असे मी सुचवेन. तिथे खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो असे चार थर आहेत, त्यामुळे देखावा लांबीऐवजी उंचीत वाढेल आणि मेट्रोचा एखादाच डबा दाखवूनही भागेल.

महालकर: माझे मत वेगळे आहे. क्रिस्टोफ नीमान या जर्मन चित्रकाराने 2009 मध्ये मोजक्या ठोकळ्यांतून न्यूयॉर्कचे रोजचे प्रसंग मांडले. त्यांत मोजमापाला महत्त्व नव्हते, तरी त्या शहरात राहिलेल्या माणसाला ते चटकन उमगावेत असे होते. आपल्याकडे खिडकीबाहेर आलेला करडा ठोकळा म्हणजे कूलर, हे कुणाला सांगावे लागेल? पिवळ्या गोल प्लेटवर लाल पारदर्शक तुकडा ठेवला की तर्री-पोहे झाले. (प्लेट ठोकळ्याच्या एक तृतीयांश उंचीची असते, त्यामुळे अशा बारीक वस्तूंना तीच शोभते.) माझी सर्वांत आवडती कल्पना मात्र उन्हाळ्यातल्या सिग्नलची आहे: वर ताणलेली हिरवी जाळी, तिच्या सावलीत दाटीने थांबलेल्या दुचाक्या आणि त्यांच्यापुढे थांबारेषेपर्यंत पसरलेला, उन्हात तापणारा मोकळा रस्ता. हा मोकळा भाग ठोकळ्यांनी भरू नये, कारण ऊन तिथेच दिसते.

त्रिमूर्तीनगरवासी: सिग्नलची कल्पना मला मनापासून पटली. फक्त दुचाक्या आणि माणसे एकाच प्रमाणात ठेवावीत, नाहीतर दाटी जाणवणार नाही.

धरमपेठकर: दोघांचेही आभार. सिग्नलच करतो आणि मेट्रो वगळतो. जाळीसाठी पारदर्शक हिरव्या प्लेट हव्यात, त्या माझ्याकडे नाहीत. नागपुरात सुटे तुकडे कुठे मिळतात, हे कुणी सांगू शकेल का?