मदत हवी आहे: रिलेसाठी ५७३ लॅच की २७३?

३.३ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरवरून ८ रिले चालवायचे आहेत. मध्ये ५ व्होल्टवर ७४एचसीटी५७३ (८ बिट धरून ठेवणारा लॅच), पुढे रिले ओढणारा ड्रायव्हर यूएलएन२८०३. (७४एचसी मालिकेतला मुद्दाम टाळला, ५ व्होल्टवर त्याला ‘हाय’ कळायला साधारण ३.५ व्होल्ट लागतात, एचसीटीला २ पुरतात.)

अट अशी: सप्लाय आला की सगळे रिले बंदच हवेत, पण मध्येच वॉचडॉगने (प्रोग्रॅम अडकला की रीसेट करणारा टायमर) कंट्रोलर रीसेट केला तर आहेत तसेच राहायला हवेत.

एलईला (लॅच एनेबल; ही पिन लो असली की लॅच जुना डेटा धरून ठेवतो) १० किलोओहमचा पुल-डाउन आहे, म्हणजे रीसेटमध्ये डेटा टिकतो. ओईला (आउटपुट एनेबल; ही पिन हाय असली की आउटपुट बंद) पुल-अप दिला की सुरुवात नीट होते, पण प्रत्येक रीसेटला रिले पडतात. ओई ग्राउंड केला तर पॉवर येताच वाटेल ते रिले ओढले जातात. ५७३ला क्लिअर (सगळी आउटपुट शून्य करणारी) पिनच नाही, तिथेच घोडं अडतंय.

म्हणून क्लिअर असलेला ७४एचसीटी२७३ घ्यायचा विचार आहे. तो क्लॉकच्या एजवर चालतो, ते चालेल. डेटा बसवर डिस्प्लेही आहे, त्यामुळे लॅच काढून टाका हा सल्ला नको.

२७३च्या क्लिअरला श्मिट ट्रिगर (हळू बदलणारा सिग्नलही नीट ओळखणारा इनपुट) नाही. मग पॉवर येताना क्लिअर देणाऱ्या आरसीच्या (रेझिस्टर-कपॅसिटर) पुढे श्मिट बफर पुरेल, की व्होल्टेज सुपरवायझरच (सप्लाय ठरावीक थ्रेशोल्डखाली असला की रीसेट देणारी चिप) लावावा? रिले ओढताना ५ व्होल्ट क्षणभर खाली येतात, तेव्हा चुकून क्लिअर होऊ नये यासाठी थ्रेशोल्ड किती ठेवावा?